आतली रेंज

भाऊंनी उजव्या हाताची दोन बोटं तेवढी पिठातून वाचवली होती. त्या दोन बोटांत जावयाचा फोन धरून ते भट्टीच्या खोलीत हळूहळू फिरत होते. आधी पीठ मळायच्या यंत्राजवळ, मग मैद्याच्या पोत्यांपाशी, मग थेट भट्टीच्या तोंडाशी. फोन डोक्यावर धरून पाहिला, गुडघ्यापाशी नेऊन पाहिला. रेंजची एकही काडी उभी राहीना.

"काय म्हणतोय?" लोखंडी दाराबाहेरून लेकीने विचारलं.

"काही म्हणत नाही. मुका आहे," भाऊ म्हणाले. त्यांना त्याचं फारसं दुःख झालेलं दिसत नव्हतं.

लेक आणि जावई सुट्टीला आले होते ते निश्चय करूनच. टेलिफोन कंपनीने जुन्या तारा काढायला घेतल्या होत्या आणि बेकरीच्या गल्ल्यावरचा काळा फोन महिनाअखेर बंद होणार होता. शाळेच्या कँटीनचे पाव, दवाखान्याचे टोस्ट, वाढदिवसांचे केक, सगळं त्या फोनवरून ठरायचं. आता स्मार्टफोनला पर्याय नव्हता. प्रश्न एवढाच होता की कुठला, कुठल्या कंपनीच्या सिमचा, आणि भट्टीच्या खोलीच्या हातभर जाड भिंतींतून आत कोण शिरतो.

भाऊंना गल्लीत सगळेच भाऊ म्हणत, म्हणून त्यांच्या बायकोला वहिनी. वहिनी पुढे गल्ल्यावर बसत, भाऊ मागे भट्टीपाशी. मधे अंधारा बोळ, तीन पायऱ्या आणि लोखंडी दार. काळ्या फोनची घंटा मात्र आतपर्यंत ऐकू येई. घंटा झाली की भाऊ हातातलं काम जरा सावकाश करत. वहिनी पलीकडच्या माणसाला "थांबा हं, विचारून येते" असं सांगून रिसिव्हर आडवा ठेवत, पायऱ्या चढत, दार ढकलत आणि विचारत, "उद्याला कँटीनचे पाव वाढवायचेत. होतील का?" भाऊ भट्टीकडे बघत, पिठाकडे बघत, जणू त्यांचंही मत घ्यायचं आहे, आणि मग म्हणत, "होतील." इतक्या वर्षांत वहिनींना भट्टीचा आवाका कळला नसेल असं नाही. पण विचारल्याशिवाय त्या कुणाला हो म्हणत नसत.

दारालगतच्या फळीवर डब्याचं एक झाकण असायचं आणि त्यावर मोडकी बिस्किटं, कडेने जरा जास्त भाजलेली. वहिनींना तशीच आवडत. मोडकंच खायचं, अख्ख्याला हात लावायचा नाही, तो गिऱ्हाइकाचा माल, हा नियम त्यांनी सासऱ्यांकडून घेतला होता आणि सासऱ्यांपेक्षा कडक पाळला होता. आता भाऊंच्या हातचं बिस्किट सहसा मोडत नसे. म्हणून सकाळी ट्रे बाहेर आला की भाऊ इकडेतिकडे बघून दोन-तीन बिस्किटांवर हळूच अंगठा दाबत. वहिनी आल्या की एक तुकडा तोंडात टाकत, बाहीने कपाळ पुसत, कोण फोनवर किती वेळ पाल्हाळ लावतं ते सांगत, आणि जात. दिवसभरात तेवढाच दोघांचा संसार. बाकी सगळा धंदा.

आणि लेक म्हणत होती, दोन फोन घेऊ. एक आईला, एक बाबांना. "म्हणजे आईच्या सारख्या खेपा नकोत. तिथूनच कॉल करेल, विचारेल, झालं काम!"

भाऊंना हे मुळीच नको होतं. पण बोलणार काय? बायको आत यायची थांबेल म्हणून मला फोन नको, असं या वयात जावयासमोर म्हणायचं म्हणजे आपलंच हसं करून घ्यायचं. त्यापेक्षा भाऊंनी गनिमी कावा केला. "कुठल्या कंपनीची रेंज आत येते ते मीच बघतो. तुम्हाला भट्टीचा धूर सोसायचा नाही," असं म्हणून तपासणीचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं. लेकीला वाटलं, बाबांना चांगलाच उत्साह आलाय.

जावयाचा फोन हिरव्या पाटीवाल्या कंपनीचा. तो मुका निघाला. लेकीचा जांभळ्या पाटीचा, तोही मुका. राहिली केशरी. तिचा फोन शेजारच्या घड्याळवाल्याकडून मागून आणला होता. भाऊंनी तो हातात घेऊन दार लावलं आणि मनात म्हटलं, तूही गप्प बस म्हणजे झालं.

फोन खणखणला. भट्टीच्या खोलीत आजवर वाजलेला तो पहिलाच फोन. गडबडीत भाऊंनी पिठाचाच अंगठा फिरवला आणि तो उचलला गेला.

"येताना दूध आणा, आणि कालच्यासारखं विसरू नका," घड्याळवाल्याची बायको म्हणाली आणि कोण बोलतंय हे न बघता तिने फोन ठेवूनही दिला.

"लागला!" बाहेर लेकीने टाळी वाजवली. "बाबा, केशरीवाली लागते आत!"

"दूध आणायला सांगितलंय त्याला," भाऊ पडलेल्या आवाजात म्हणाले.

जेवताना लेक आणि जावई अँड्रॉइड की आयफोन यावर जुंपले. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण या एका बाबतीत दोघांची पत्रिका जुळलेली नव्हती. जावई म्हणे, एकदा पैसे घाला आणि वर्षानुवर्षं बघायला नको. लेक म्हणे, त्याची वायरसुद्धा बाकी कुणाच्या फोनला चालत नाही, एवढा तोरा कशाला. वहिनी दोघांच्या ताटांत आलटूनपालटून वाढत होत्या.

"केशरीचं तसं काही खरं नसतं म्हणतात," भाऊंनी मधेच एक खडा टाकून पाहिला.

"कोण म्हणतं?" लेकीने विचारलं.

भाऊंनी पाण्याचा पेला उचलला.

दुपारी काळा फोन वाजला. भाऊ बोळात पिठाची गोणी आणायला आले होते, तेव्हा वहिनी पायऱ्या चढत होत्या. एक हात भिंतीवर, दुसरा गुडघ्यावर. दुसऱ्या पायरीवर त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि मग चेहरा नीटनेटका करून पुढे निघाल्या. बोळाच्या अंधारात भाऊ त्यांना दिसले नाहीत.

डाव्या गुडघ्याचं दुखणं भाऊंना माहीत होतं, डॉक्टरांकडे तेच घेऊन गेले होते. पण दार उघडून वहिनी आत यायच्या तेव्हा त्या नेहमी हसऱ्याच असायच्या. दाराअलीकडे त्या कशा चढतात ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. तिच्या गुडघ्याच्या जिवावर आपली हौस चाललीय, आणि वर आपण खडे टाकतोय. गोणी घेऊन ते मागोमाग आत आले; वहिनी प्रश्न विचारून, तुकडा खाऊन गेल्या तरी भाऊ त्या गोणीशेजारीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी चौघं फोनच्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी मोठी उत्साही होती. तिने काचेवर फोनांची रांग मांडली.

"काका, सिस्टीम कुठली हवी?"

लेक आणि जावई एकदमच बोलले, वेगवेगळं.

"अक्षरं मोठी दिसतील ती," भाऊ म्हणाले. अँड्रॉइडचा फोन त्या किमतीत मोठा मिळत होता. लेकीने नवऱ्याकडे विजयी नजरेने पाहिलं आणि जावयाने हार कबूल करून खिशात हात घातले.

मग बोटाचा ठसा घ्यायची वेळ आली. भाऊंनी अंगठा टेकवला. फोनने नकार दिला. दुसरं बोट, तिसरं बोट, डावा हात. आयुष्यभर तापलेल्या ट्रेवर फिरलेली बोटं, त्यांच्यावर फोनला दिसावं असं काही उरलंच नव्हतं.

"असू दे, आकडा टाकून उघडू," मुलगी म्हणाली. "आणि सिम कुठलं देऊ?"

भाऊंनी ते रात्रीच ठरवलं होतं.

"केशरी. दोन्ही केशरीच द्या. आत रेंज येते तिची." आणि वहिनींकडे न बघता पुढे म्हणाले, "हिला पायऱ्यांचा त्रास होतो. नको आता ती ये-जा."

लेकीने बापाच्या दंडाला हात लावला. बाबा इतके समजूतदार असतील असं तिला वाटलं नव्हतं.

"मला केशरी नको," वहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. दुकानात आल्यापासून त्यांचं हे पहिलंच वाक्य.

"का गं?"

"घड्याळवाल्यांचा बघतेस ना, सारखा केकाटत असतो. हिरवी द्या. आणि एकच फोन द्या, गल्ल्यावर राहील. यांची बोटं तरी कुठे चालतायत?"

"अगं, पण हिरवीची रेंज आत येत नाही! बाबांनीच काल बघितलं."

"आत कशाला हवी रेंज? आत भट्टी आहे."

"आई, तुझा गुडघा!"

"डॉक्टरांनी हालचाल ठेवा म्हणून सांगितलंय," वहिनी म्हणाल्या. हे खरंच होतं. पायऱ्यांबद्दल डॉक्टर पुढे काय म्हणाले होते ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. भाऊंनी तोंड उघडलं, पण वहिनींनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते पुन्हा मिटलं.

"मग सोपं आहे," जावई हुशारीने म्हणाला, "वाय-फाय बसवू. एक डबा बोळात लावला की आत—"

त्याचं वाक्य तिथेच तुटलं, कारण लेकीने त्याच्या पायावर पाय दिला होता. ती आईकडे बघत होती, मग बापाकडे. भाऊ काचेवरचे फोन फार बारकाईने न्याहाळत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"हिरवीच द्या," लेक मुलीला म्हणाली. "एकच."

त्याच संध्याकाळी भाऊंनी सुताराला बोलावलं. तीन पायऱ्यांच्या कडेने लाकडी कठडा बसला, बोळात दिवा लागला, आणि भट्टीच्या खोलीत झाकणाच्या फळीखाली एक स्टूल येऊन बसलं. वहिनींनी कठड्यावरून एकदा हात फिरवून तो गुळगुळीत आहे की नाही एवढं पाहिलं.

जाण्याआधी लेकीने आईला शिकवलं, ऑर्डरी आता मेसेजवर घ्यायच्या, उत्तरही तिथेच टाकायचं. वहिनींनी सगळं चटकन उचललं. भाऊ जरा चक्रावले. नवरा म्हणून त्यांना कौतुक वाटलं, बाकी काय वाटलं ते त्यांनी भट्टीत लाकडं सारता सारता गिळलं.

काळा फोन निघाला त्यानंतरची पहिली सकाळ. नव्या फोनची घंटा काही आत ऐकू येत नव्हती, त्यामुळे हात सावकाश कधी करायचा तेच भाऊंना कळेना. पावांचे ट्रे निघाले, टोस्ट कापून झाले. दार उघडलं नाही. मेसेज येत असतील, ही तिथल्या तिथे होकार देत असेल, बरंच झालं गुडघ्याला, असं त्यांनी स्वतःला दोनदा समजावलं. बिस्किटांचा ट्रे आला. भाऊंनी सवयीने दोन बिस्किटं उचलून झाकणावर ठेवली आणि पाठ फिरवली.

पीठ मळायचं यंत्र बंद केलं तेव्हा दार करकरलं.

वहिनी आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि बाहीने कपाळ पुसलं.

"फोन आला होता," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?"

"कट झाला."

"बरं," भाऊ म्हणाले. त्यांनी भट्टीकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं. "मग पुन्हा येईल."

"येईल की. दिवसभर येत राहतील."

वहिनींनी फळीवरचं झाकण हातात घेतलं. त्यावर दोन अख्खी बिस्किटं होती. त्यांनी ती क्षणभर पाहिली आणि झाकण भाऊंच्या पुढे धरलं.

"आज मोडायला विसरलात," त्या म्हणाल्या.

भाऊंनी हात पुसला आणि कडेने जास्त भाजलेल्या बिस्किटावर हळूच अंगठा दाबला.