समोरच्या दोरीवरचा स्कर्ट

उद्या गौरी येणार म्हणून मालिनी बँकेतून लवकर निघाली. जानकीपुरमच्या फ्लॅटचे तीन जिने चढून वर आली, तर लेकीचा, सानिकाचा, शाळेचा निळा स्कर्ट समोरच्या हेमाच्या गॅलरीत वाळत होता.

तिने बेल वाजवताच समोरचं दार हेमाने उघडलं. "भाभी, दाग लग गया था, मैंने धो दिया. बच्ची लेटी है. हर महीने पहले दिन बहुत दर्द होता है इसे. डॉक्टर को दिखा दीजिए."

हर महीने! मालिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर तिने कपाटात डबा तयार ठेवला होता. पॅड, नव्या चड्ड्या, छोटं कॅलेंडर. काय बोलायचं तेही घोकून ठेवलं होतं. आणि ही बया चार पावलं चालून परक्या बाईला सगळं सांगून मोकळी! आत सानिका हेमाच्या दिवाणावर, हेमाची शाल पांघरून, गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पडली होती. त्या पिशवीचासुद्धा मालिनीला हेवा वाटला.

लेकीला घरी आणल्या आणल्या तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंस? आई कोण तुझी?"

सानिका मराठी सगळं समजायची, उत्तर मात्र हिंदीतच. "पिछले साल गौरी में आपने अमृता दीदी को पीछे वाले कमरे में बिठाया था. थाली भी वहीं रख दी थी. वो रो रही थीं, मम्मी."

साताऱ्याहून आलेली भाची. मालिनी ते कधीच विसरून गेली होती.

"कल मैं हेमा आंटी के यहाँ रह लूँगी," सानिका म्हणाली. "आपको कुछ नहीं करना पड़ेगा."

मालिनीला हेमाबद्दल पुष्कळ बोलायचं होतं. पण ती उठली, माळ्यावरच्या पेटीतून गौरीचा मुखवटा काढला आणि सानिकाच्या मांडीवर ठेवला.

"पूस नीट. उद्या उंबऱ्यातून गौर तूच आत आणायचीस. परवा डॉक्टरकडे जाऊ."

"छू लूँ?"

"मांडीवर ठेवलाय ना मी? मग?"

सानिका हळूहळू मुखवट्याचं नाक पुसू लागली. मालिनीने डोळे टिपले.

"हेमा आंटी को भी बुला लूँ?"

मालिनीचा जीव पुन्हा जळला, चांगलाच जळला.

"बोलाव," ती म्हणाली. "पण आधी तो स्कर्ट आपल्या दोरीवर आण."