शेवटची पाच मिनिटं

रेकॉर्डर घ्यायला शिलाईबाई निघाली तेव्हा तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. परगावच्या मुलाने फोनवर बजावलं होतं, "आई, पैशाकडे बघू नकोस. बाबांसाठी आहे, चांगल्यातला घे." तीही कागदावर टीव्हीचा नंबर लिहून, पिशवी घेऊन साडेदहाला दुकानात हजर झाली.

रेकॉर्डर लागायचं कारण साधं होतं. तिच्या नवऱ्याला, गल्लीत सगळे ज्यांना मीटरसाहेब म्हणत त्यांना, पाच महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवं अंग गेलं. जीभही जड झाली. जन्मभर लोकांच्या घरात शिरून विजेचे मीटर तपासलेला आणि जाता जाता चार शब्द सुनावून आलेला हा माणूस आता खिडकीजवळच्या खुर्चीला खिळला होता. डॉक्टरांचा हुकूम होता की आठच्या आत गोळी घेऊन झोपायचं, आणि फुटबॉलच्या मॅचेस नेमक्या आठला सुरू व्हायच्या. म्हणून मॅच भरून ठेवायची आणि सकाळी अंघोळीनंतर दाखवायची, असा तोडगा मुलानेच काढला होता.

दुकानातल्या चष्मेवाल्याने काचेच्या टेबलावर दोन रेकॉर्डर मांडले, एक काळा आणि एक करडा.

"हा काळा घ्या, काकू. दोन चॅनेल एकदम रेकॉर्ड करतो, तीनशे तासांचं मावतं. आणि मुख्य म्हणजे, कार्यक्रम लांबला तर हा बंद पडत नाही. चॅनेलकडून त्याला खूण येते. मॅच जादा वेळेत जाऊ दे, पेनल्टीत जाऊ दे, शेवटची शिट्टी होईपर्यंत हा चालूच."

"आणि हा करडा?"

"तो बघूच नका. जुना माल आहे. छापलेली वेळ संपली की हा बंद. दहाला संपणार म्हणून लिहिलंय आणि गोल झाला दहा वाजून दोन मिनिटांनी, तर बसा बोंबलत. परवाच एकाने परत आणून आपटला इथे. म्हणाला, दोन तास बसलो आणि शेवटची पाच मिनिटंच नाहीत!"

पिशवीची गाठ सोडणारा शिलाईबाईचा हात थांबला.

"नेमकी शेवटची?"

"नेमकी शेवटची."

"आणि थोडी माया सोडता येत नाही का त्याला? पुढं-मागं?" शिवताना कापडाच्या कडेला जास्तीचं सोडतात त्याला माया म्हणतात, आणि तीस वर्षं दवाखान्याच्या कपडेखोलीत चादरी नि डॉक्टरांचे झगे शिवलेल्या बाईला दुसरा शब्द सुचला नाही.

"काही सोय नाही त्यात. आपण सांगू तेवढंच भरतो."

"करडा द्या," ती म्हणाली.

चष्मेवाल्याने चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं. "अहो काकू, शेवटच बघायला मिळणार नसेल तर मॅच बघायची कशाला?"

"तेच मी चाळीस वर्षं विचारतेय," शिलाईबाई म्हणाली आणि करडा रेकॉर्डर पिशवीत घालून घरी आली.

आता त्या चाळीस वर्षांचं. मीटरसाहेबांनी बायकोवर कधी हात उचलला नाही, कधी तिला उपाशी ठेवलं नाही. चारचौघांत ते भला माणूस म्हणूनच गणले जात. पण घरातला रिमोट त्यांचा. शिलाईबाई कामावरून येऊन, स्वयंपाक उरकून साडेसातच्या मालिकेसमोर टेकायची, आणि आठला पाच कमी झाले की साहेबांचा अंगठा बटणावर पडायचा. त्यांच्या खेळांच्या बातम्या पंचावन्नला लागत. "अहो, पाचच मिनिटं राहिलीत," ती म्हणे. "शेवट मी सांगतो की," साहेब म्हणत, "रडणार. सगळ्या रडणार." आणि हसत. त्या घरात तिने एकाही गोष्टीचा शेवट पाहिला नाही. मालिकांचं एक वेळ सोडून देऊ. मालिका काय, आज एक संपते, उद्या दुसरी येते.

पण चौदा वर्षांपूर्वी टीव्हीवाले दवाखान्यात आले होते. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी शिलाईबाई उरलेल्या कापडाच्या टोप्या शिवायची, लिंबाएवढ्या डोक्यांच्या टोप्या, कोणी न सांगता. त्यांनी तिला मशीनवर बसवलं, दिवे लावले, प्रश्न विचारले, आणि रविवारी साडेसातच्या कार्यक्रमात अगदी शेवटी दाखवू म्हणाले. त्या रविवारी तिने केस धुतले होते. टीव्हीत दिसणार ती आधीच्या आठवड्यातली, तरी धुतले. सात पंचावन्नला निवेदिका म्हणाली, "आणि आता भेटूया अशा हातांना," आणि साहेबांचा अंगठा पडला. पलीकडे पेनल्टी चालू होत्या.

"अहो, मी आहे आता! मी येणारे!"

"तू समोर बसलीच आहेस की," साहेब म्हणाले. "टीव्हीत आणखी कशाला बघायची?"

स्वतःच्याच विनोदावर ते खूश झाले होते. शिलाईबाईने रिमोटसाठी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो उंच धरला, लहान मुलाला खेळवतात तसा, आणि पेनल्टी संपेपर्यंत खाली आणलाच नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जो तो म्हणाला, "पाहिलं हं तुम्हाला, छान होतं." छान म्हणजे काय, ते कोणी सांगेना. ती कशी दिसत होती, कसं बोलली, बोलणं संपल्यावर कॅमेरा बराच वेळ चालू होता तेव्हा ती काय करत होती? तिने चॅनेलला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि वर्षभरात चॅनेलच बंद झालं. आयुष्यात एकदा टीव्हीवर आलेल्या बाईला जगाने पाहिलं, तिने स्वतः नाही.

तर करडा रेकॉर्डर घरी आला.

पहिली मॅच दाखवली तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. साहेब डावा हात मांडीवर आपटत होते, गळ्यातून आवाज काढत होते, झटक्यानंतर प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला होता. चेंडू गोलपाशी आला, एकाने पाय उचलला, आणि पडदा निळा झाला. निळ्यावर अक्षरं आली: रेकॉर्डिंग संपलं. पुसायचं का? हो. नाही.

साहेबांनी मान वळवून बायकोकडे बघितलं.

"अगंबाई," शिलाईबाई म्हणाली, "मशीनच तसलं आहे. पुसू ना?" आणि 'हो'वर बटण दाबलं.

तिला आनंद झाला. लपवण्यात काय अर्थ आहे? स्वयंपाकघरात जाऊन तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तिला हसू फुटून पाणी नाकात गेलं. वर्षानुवर्षं छातीवर बसलेलं काहीतरी बोटभर हललं.

मग तिला चटक लागली. सुरुवातीला दोष यंत्राचा होता. पुढे तिने यंत्राला हातभार लावला. जी मॅच वेळेत संपायची, तिची वेळ ती पाच मिनिटं अलीकडची भरायची. वर्तमानपत्राचं शेवटचं पान सकाळीच काढून फडताळात अंथरायची. रविवारी मुलाचा फोन आला आणि तो "बाबा, काय मॅच झाली काल!" म्हणायच्या बेतात असला की ही फोन काढून घ्यायची. "सांगू नकोस रे, त्यांनी बघायची आहे अजून. मजा जाईल त्यांची." मुलगा म्हणायचा, आई किती करते बाबांचं.

आणि करत होतीच. अंघोळ घालायची, घास भरवायची, रात्रीतून दोनदा कूस बदलून द्यायची. अंगावर एक जखम होऊ दिली नाही तिने. फक्त शेवट द्यायची नाही.

ती वाट बघत होती ती एकाच गोष्टीची. त्यांनी विचारावं. एकदाच विचारावं, शेवटी काय झालं. मग ती सांगणार होती, तुम्ही समोर बसलाच आहात की. हे वाक्य तिने भांडी घासताना इतक्यांदा म्हणून बघितलं होतं की चुकायची शक्यता नव्हती. पण साहेब विचारत नव्हते. पडदा निळा झाला की डोळे मिटून घेत. हट्टी तर ते होतेच, पण त्यांना वाचा फुटत नसावी असंही तिला वाटे. तिच्याशी ते दोन-तीन शब्दांपलीकडे जात नसत; पाणी, उशी, नको. तोंड वाकडं करून चौथा शब्द जुळवायला लागले की ती उठायची. "दूध उतू जातंय," म्हणायची. बहुतेक वेळा गॅसवर काहीच नसायचं.

आठवड्यातून दोनदा एक तरुण बाई त्यांना बोलायला शिकवायला येई. एकदा जाताना ती दारात थांबून म्हणाली, "काकांची प्रगती फार छान आहे हं. परवा मला नोकरीतली एक गोष्ट सांगितली, एका घरात मीटरमागे साप निघाला ती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. वीस मिनिटं लागली, पण एक शब्द गाळला नाही."

"आमच्याशी तर बोलत नाहीत," शिलाईबाई म्हणाली.

"तुम्ही थांबून ऐका. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचं, बस. आता त्यांना येतं सगळं."

सापाची गोष्ट शिलाईबाईने कधी ऐकली नव्हती. ती परक्या बाईला सांगितली, याचा तिला संताप आला, आणि तो संताप तिने हंगामातल्या शेवटच्या मॅचसाठी राखून ठेवला.

अंतिम सामना. साहेबांचा संघ अकरा वर्षांनी तिथवर पोचला होता. सकाळी तिने त्यांना अंघोळ घातली, दाढी केली, धुतलेला सदरा चढवला. आत गॅसवर खरोखरच दूध ठेवलं होतं. स्टूल ओढून ती त्यांच्या शेजारीच बसली, चेहरा नीट दिसेल अशी. दोन-दोन. जादा वेळ. पेनल्टी. रात्री साहेब झोपल्यावर ती स्वतः मॅच बघत बसली होती आणि नेमक्या क्षणी हातानेच रेकॉर्डिंग थांबवलं होतं. चार-चार झाल्या, साहेबांच्या संघाचा शेवटचा गडी चेंडू ठेवून चार पावलं मागे गेला, धावत आला.

निळा पडदा. पुसायचं का? हो. नाही.

साहेबांचा श्वास मोठ्याने चालला होता. डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं होतं. शिलाईबाईने ते पुसलं नाही.

"विचारा ना," ती म्हणाली. "मला माहीत आहे काय झालं ते. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. विचारा, शेवटी काय झालं."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांचे ओठ जुळवाजुळव करू लागले.

"तुझं..." ते म्हणाले. "तुझं ते... टोप्यांचं."

शिलाईबाईने स्टूल पुढे ओढलं.

"परत लागलं... होतं. दुसऱ्या दिवशी. दुपारी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात होती. साहेब नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरीच असायचे. हे तिने मनात जुळवलं.

"मी... बघितलं. सगळं."

"कधी बोलला नाहीत," ती म्हणाली. म्हणजे तसं म्हणायला गेली, शब्द नीट आले नाहीत.

"पांढरा... झगा. केस... कपाळावर. तू बोललीस... छान बोललीस." एकेक शब्द ते विहिरीतून काढल्यासारखा वर आणत होते, आणि चाळीस वर्षांत प्रथमच शिलाईबाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसली होती. "टोपी... हातावर घातलीस. मुठीवर. मग... ते म्हणाले, झालं. तुला वाटलं... बंद केलं. पण... चालू होतं."

"हो," ती म्हणाली. "हो, चालू होतं. मग?"

"मग तू..."

"मी काय?"

"शेवटी... तू..."

साहेब थांबले. शिलाईबाई स्टुलावरून उतरून जमिनीवर गुडघ्यांवर आली. शिकवणारी बाई म्हणाली होती, थांबायचं. ती थांबली. रस्त्यावरून एक गाडी गेली. निळ्या उजेडात साहेबांचा दाढी केलेला चेहरा अगदी शांत होता, आणि जीभ जड झाल्याचं, शब्द सापडत नसल्याचं कुठलंही चिन्ह त्यावर नव्हतं. ओठांची डावी बाजू तेवढी जराशी वर गेली.

मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अहो," ती म्हणाली. "शेवटी काय? मी काय केलं शेवटी? अहो, सांगा ना."

तिने त्यांचा डावा हात धरला, हलवला, छातीशी लावला. गोल झाला, तुमचा संघ जिंकला, असंही सांगून टाकलं, न विचारता. त्यांनी डोळे उघडले नाहीत. आत दूध उतू जाऊन गॅस विझला, करपट वास बाहेरपर्यंत आला, तरी ती त्यांच्या पायाशी बसून विचारतच राहिली.