बॅटरीला सर्दी

बोईसरला थंडी पडली, म्हणजे लोकांनी पंखा एक नंबरने कमी केला. तेवढ्यावर माझे भावोजी खंडेराव कानटोपी घालून हिंडू लागले. थंडीत पेट्रोलची गाडी चालते, इलेक्ट्रिक बंद पडते, असं कॅनडातल्या बर्फात उभ्या असलेल्या कुणीतरी त्यांना मोबाइलवर सांगितलं होतं.

सकाळी भाची प्रतीक्षा पालघरच्या मुलाखतीसाठी नवी साडी नेसून घरच्या इलेक्ट्रिक गाडीत बसली, तर गाडीत चार्जिंगच नव्हतं.

"रात्री वायर मीच काढली," भावोजी म्हणाले. "गारठ्यात चार्जिंगला ठेवली की बॅटरीला सर्दी होते."

"आणि माझी गोधडी बॉनेटवर?" ताईने विचारलं.

"ऊब नको?"

"जुनी पेट्रोलची बरी होती हो. निदान धक्का मारून निघायची."

प्रतीक्षा रिक्षाने गेली. पोचेपर्यंत मुलाखती आटोपल्या होत्या. ती परतली तेव्हा भावोजी सोसायटीच्या ग्रुपवर लिहीत होते: ‘थंडीत इलेक्ट्रिक गाडी दगा देते. स्वानुभव.’ खाली धडाधड अंगठे पडत होते.

"बाबा, अनुभव मला आला," प्रतीक्षा म्हणाली. "नोकरी माझी गेली."

"थांब," भावोजी चष्मा सावरत म्हणाले, "तेही टाकतो."