रिव्हेटमागची काळी रेघ

“उड्डाणापूर्वी विमानाच्या पंखावर बिघाडाची कोणतीही खूण दिसून आली नाही.”

चौकशी समितीच्या अहवालाच्या मसुद्यातले हे वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. आपल्या जुन्या तार्किकांनी ‘दिसत नाही, म्हणून नाही’ या युक्तिवादाला एक अट घातली होती : ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती आधी सिद्ध करा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घड्याचा अभाव घोषित करणाऱ्याला त्यांनी वादसभेत बसू दिले नसते. समितीतल्या तिन्ही सन्माननीय सदस्यांनी ही अट ऐकलेली नसावी. त्यांच्या खोलीत उजेड भरपूर होता, एवढे मात्र मी मान्य करते. घडा फक्त कोणीतरी आधीच उचलून नेला होता.

तो उचलणारा माझा सख्खा भाऊ होता. त्याला तो घडा आहे हेच ठाऊक नव्हते.

वाल्मिक माझ्याहून लहान. आमचे घर मूळचे खान्देशातले, शिरपूरकडचे; घरची बोली अहिराणी. वडील कापडाच्या लूमवर काम करायला सुरतेत आले आणि तिथल्या गोडादरा भागात स्थिरावले. मी शिकत गेले आणि एका महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवू लागले. वाल्मिक स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारणाऱ्या कारखान्यात गेला. तिथून त्याला योगराज पाटलाने उचलले. योगराज आमच्याच भागातला, विमान-दुरुस्तीचे प्रमाणपत्र असलेला माणूस. कतारगामचे हिरेवाले धीरजशेठ यांच्याकडे एक जुने चार आसनी विमान होते, रंग न दिलेले, उघड्या अल्युमिनियमचे. सुरतेबाहेर, चलथाणच्या पुढे, उसाच्या शेतांमध्ये त्यांची खासगी धावपट्टी होती. विमानाची देखभाल योगराजकडे आणि चकाकी वाल्मिककडे, अशी वाटणी होती.

त्या चकाकीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. असा पत्रा बाहेरून दिसतो तसा एकजिनसी नसतो. आत मजबूत मिश्रधातू असतो, आणि त्याच्यावर शुद्ध अल्युमिनियमचा अगदी पातळ थर. आतल्याला गंजापासून वाचवतो तो हा थर. पॉलिश लावून घासले की या थराचा सूक्ष्म अंश कापडावर उतरतो आणि कापड काळे होते. म्हणजे आरशासारखे दिसण्यासाठी विमान दर वेळी स्वतःची थोडी कातडी देते. वाल्मिकचा हात हलका होता. यंत्राचे चाक त्याने पत्र्याला कधी लावले नाही. मऊ फ्लॅनेलने, एकाच दिशेने, उन्हात पत्रा तापण्याआधी तो काम उरकायचा. त्याचे काम निर्दोष होते. भांडे-कारखान्यात त्याला एकच धर्म शिकवला गेला होता : काळे दिसले की पुसायचे.

दसऱ्याला शेठ विमानाची पूजा करीत आणि मग ते स्वतः चालवत जवळच्या माणसांना एक फेरी मारून आणीत. लूमच्या कारखान्यांत असते तीच रीत त्यांनी इथे उचलली होती : पूजेनंतर यंत्राजवळ पहिला मान मालकाचा नाही, ते दुरुस्त ठेवणाऱ्याचा. त्यामुळे पहिल्या फेरीत शेठच्या शेजारी दर वर्षी योगराज बसत असे.

यंदा वाल्मिकने मला आणि त्याच्या मुलीला, मनीषाला, सोबत नेले. आम्ही पोचलो तेव्हा शेठ पूजेआधीची चाचणी-फेरी एकट्याने मारून नुकतेच उतरले होते. पाहुणे शेडमध्ये फाफडा-जलेबी खात होते. मी विमानाभोवती फिरले. डाव्या पंखात माझा चेहरा दिसत होता, आणि माझ्या चेहऱ्यावरून काळ्या रेघा गेल्या होत्या.

पंखाच्या मुळाजवळ पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांची एक ओळ होती. तिच्यातल्या काही रिव्हेटांच्या मागून बारीक काळी रेघ निघाली होती, काजळाचे बोट ओढावे तशी. सांध्यात अडकलेले पॉलिश पाझरते तेव्हा ते रिव्हेटाभोवती कडे धरते किंवा खाली ओघळते. या रेघा खाली आलेल्या नव्हत्या. साऱ्या शेपटीकडे गेल्या होत्या, वारा जातो त्या दिशेने. उडताना रिव्हेट आपल्या भोकात हलतो, धातूवर धातू घासतो, त्याची काळी भुकटी बाहेर येते आणि वारा ती मागे ओढतो. या धंद्यातली माणसे याला रिव्हेट धूर सोडतो असे म्हणतात.

मी वाल्मिकला हाक मारली.

“वाल्मिक, हे काय आहे?”

“काय ऱ्हास ताई, पॉलिशनं काळं शे ते. दर खेपले निंघस.”

“दर खेपेला? इथेच?”

“हा, आठेच. योगराजभाऊले इचारं होतं मी. तो म्हने, मैल शे, पुशी टाक.”

“हात लावू नकोस. मी त्यांना घेऊन येते.”

योगराज शेडमध्ये झेंडूचे हार मोजत होता. मी त्याला जवळजवळ ओढत आणले. तेवढ्यात पूजेचे फोटो काढायला आलेला छायाचित्रकार पंखाशी पोचला होता आणि वाल्मिकच्या हातात फ्लॅनेल होते. पंख स्वच्छ होता. त्यात माझा चेहरा अखंड दिसत होता आणि त्याच्यामागे योगराजचा.

“कुठे आहे काळं, मॅडम?”

“आत्ता होतं. वाल्मिक, सांग त्यांना.”

“फोटूवाला म्हने पुसा,” वाल्मिक ओशाळून म्हणाला. “ताई, तू भेवाडू नको ना सगळासले.”

मी पदराचे टोक अंगठ्यावर घेतले आणि त्या रिव्हेटांजवळचा पत्रा दाबून सांध्यावरून फिरवले. पदराला काळे लागले. योगराजने ते पाहिले.

“पॉलिश आहे,” तो म्हणाला. “तुमच्या भावाचंच.”

काळ्यात काळे मिसळले होते. कोणते धोक्याचे आणि कोणते चकाकीचे, हे फक्त रेघेची दिशा सांगत होती, आणि दिशा पुसली गेली होती.

पूजा झाली. प्रोपेलरला हार घातला आणि उड्डाणाआधी काढला. शेठ आत बसले आणि हसून ओरडले, “चालो योगराजभाई, पहेलां तमे!”

योगराजने हात जोडले. “शेठ, यंदा पोरीला बसवा. वाल्मिकची मुलगी. एवढी चमक त्यानं आणली, मान त्याच्या घराला मिळू दे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाल्मिकचे डोळे भरून आले. त्या क्षणी मलाही हे औदार्यच वाटले, आणि त्यामुळे मी अधिकच घाबरले. कारण औदार्याला विरोध कसा करायचा हे कोणी शिकवलेले नसते.

मी मनीषाचा दंड धरला. “तू जाऊ नकोस.”

“फुई, छोड ने! बधा जुए छे.” सगळे बघत होते आणि ती लाजेने लाल झाली होती. वर्षभर तिने मैत्रिणींना या विमानाचे फोटो दाखवले होते. “योगराजकाका रोज तपासतात ना? तुला काय माहीत विमानातलं?”

मी शेठच्या खिडकीशी गेले आणि सांगितले, की डाव्या पंखाचे रिव्हेट सैल आहेत. त्यांनी योगराजकडे पाहिले. योगराजने मान हलवली, सावकाश, आजाऱ्याच्या नातेवाइकांना धीर देणाऱ्या डॉक्टरसारखी. “प्रोफेसर लोको!” शेठ म्हणाले, आणि सगळे हसले. वाल्मिकने मला खांद्याला धरून बाजूला नेले. मनीषाने दार लावून घेतले.

इंजिनाचा आवाज चढला. विमान उसावरून वर गेले. आकाश निर्मळ होते आणि विमान इतके चकचकीत, की ते दिसत नव्हते, फक्त त्याच्यावरचे ऊन दिसत होते : एक पांढरा, स्थिर ठिपका. मी त्या ठिपक्याला डोळ्यांनी धरून ठेवले. पापणी लवली तर तो पडेल अशी माझी खात्री होती; मी धातूंची ताणशक्ती शिकवते, आणि माझी ही खात्री होती.

विमान डावीकडे वळले. ठिपका थरथरला.

आधी मला वाटले डोळ्यांत पाणी आले आहे. मी डोळे पुसले. ठिपका तसाच फडफडत होता, हातातल्या आरशाने पोरे कवडसा नाचवतात तसा. पत्रा सुटत होता. वाल्मिकच्या चकाकीमुळेच मला ते एवढ्या दुरून दिसत होते.

“काय झगमगी ऱ्हायनं, दखा!” वाल्मिक शेजाऱ्याला अभिमानाने सांगत होता.

मी योगराजकडे पाहिले. तो वर पाहत नव्हता. तो जमिनीकडे पाहत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

इंजिनाचा आवाज बदलला. विमान एका अंगावर कलत, खाली, खूपच खाली आले आणि उसाआड गेले. आता ठिपका नव्हता, फक्त आवाज होता. मग आवाजही नव्हता. मी धावले. चप्पल कुठे गेली ते कळले नाही. वाल्मिक माझ्यामागून मुलीच्या नावाने हाका मारत होता, आणि त्या हाकांना उत्तर येत नव्हते.

विमान धावपट्टी संपल्यावर उसात घुसून थांबले होते. शेठ दाराला टेकून ओकत होते. मनीषा आसनावर ताठ बसलेली, पट्टा दोन्ही हातांनी धरलेला. जिवंत होती. तिचे दात वाजत होते. डाव्या पंखाच्या मुळाशी पत्रा भाजलेल्या पापडासारखा वर वळला होता, आणि त्याच्या कडेला प्रत्येक रिव्हेटमागे पुन्हा तीच काळी रेघ होती, शेपटीकडे गेलेली. वाल्मिकचा हात सवयीने खिशातल्या फ्लॅनेलकडे गेला आणि तिथेच थांबला. मग तो खाली बसला.

मनीषा आता पलंगाची कड धरून झोपते. पंखा लावू देत नाही.

समितीने अहवाल अंतिम करण्यापूर्वी ‘पीडितांचे म्हणणे’ ऐकण्याची औपचारिकता शेठच्या कतारगामच्या कार्यालयात पार पाडली. अध्यक्षांनी मला समजावले, की खूण असती तर योगराजसारख्या अनुभवी माणसाला ती दिसली असती. हे प्रमेय मला मान्य होते. मी म्हटले, मला रिव्हेटांविषयी काहीच विचारायचे नाही, इथे बसलेल्या योगराजना फक्त एक प्रश्न विचारू द्या.

“योगराजभाऊ, दर वर्षी पहिला मान तुमचा. यंदा तुम्ही का बसला नाहीत?”

तो अध्यक्षांकडे वळून हिंदीत सुरू झाला, की लडकी का मन था. मी म्हटले, मनीषाने मागितले नव्हते; आणि ती बाहेर बाकावर बसली आहे, तिला आत बोलावू का? दाराच्या काचेतून ती दिसत होती, बाकाची कड धरून बसलेली. योगराजने तिच्याकडे पाहिले. शेठनी पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला, तो त्याने घेतला नाही.

मग तो माझ्याकडे वळून आमच्या घरच्या बोलीत बोलला. लेखनिकाने त्याचे शुद्ध मराठी करू का असे विचारले. मी नको म्हटले. जे बोलला ते असे :

“काळं मी दखेल व्हतं. माले बसानं भेव वाटनं. म्हनीसन पोरले बसाडं.”