धुऊन पुसून ठेवलेला सापळा

झोयाला तिच्या घरच्या कलमाचा आंबा पोचला नाही, आणि त्याला कारण मी.

असं काहीही घडलेलं नाही. वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजा. आता सुरुवात करतो.

मित्रांनो, मी एक जुना फळमाशीचा सापळा आहे. जुना म्हणजे दोन हंगामांचा. आमच्यात एवढ्या वयाला आजोबा म्हणतात. माझा जन्म प्लॅस्टिकच्या कारखान्यात झाला. सोबतच्या बरण्या लोणचं भरायला गेल्या. मला मात्र चार भोकं पाडली, पोटात लाकडाची एक वडी टांगली आणि तिला असा वास लावला की नर माशी सगळा संसार सोडून आत येते आणि परत जात नाही. मला नाक नाही. त्यामुळे मी एवढा लोकप्रिय का आहे, हे मला कधीच कळलं नाही.

रोह्याजवळ रहिमाभाभींच्या वाडीत अकरा कलमं आहेत. विहिरीकडच्या कलमावर मला टांगलं, तेव्हापासून मला स्वस्थता नाही. वारा आला की मी हलतो. वारा पडला की माश्या आतून धडका देतात, म्हणून हलतो. खाली भाभींचंही तेच. दिवसभर येरझाऱ्या.

कारण त्यांची लेक झोया. ती दूरच्या एका बेटावर नर्स आहे आणि तिला सातवा महिना लागलाय. तिला याच कलमाचा आंबा हवा होता. पण त्या देशात फळमाशी नाही. फळातून एक अळी गेली तरी तिथल्या बागा सडतील. म्हणून बॅगेतला आंबा विमानतळावरच काढून घेतात. रीतसर पाठवायचा तर बाग नोंदवायची, सापळे लावायचे, दर आठवड्याला मेलेल्या माश्या मोजायच्या, मग फळांना वाफ, मग तपासणी, मग शिक्का. एका पेटीसाठी भाभींनी अख्खी वाडी नोंदवली. निर्यात कंपनीच्या प्रणिता मॅडम दर गुरुवारी येऊन माझं पोट उघडायच्या. "चौदा. ठीक," म्हणायच्या. आयुष्यात माझी एवढीच स्तुती झाली.

शेवटच्या मोजणीच्या आदल्या दिवशी पेणहून सरू आली. भाभींची लहानपणची मैत्रीण. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखते.

"गो रहिमा, उद्या मॅडम येनार आनि हा असा? पोटात मढी घेऊन?"

"मॅडम बोलल्यात हात लावू नका म्हनून."

"पाव्हनं आलं तर घर झाडतो का नाय आपन? झोयाचं काम हाय गो!"

झोयाचं नाव निघालं आणि भाभी विरघळल्या. "धू बाय मंग. नीट धू."

मला काथ्यानं घासलं. वासाच्या वडीलाही साबण लावला. वर सरूनं खिशातली कुंचली काढून मला दोन डोळे रेखले. मी पहिल्यांदा जग पाहिलं. समोर बादली होती आणि तीत एकोणीस माश्या तरंगत होत्या.

गुरुवारी मॅडमनी झाकण उघडून वास घेतला.

"साबण लावलाय?"

"दोनदा," सरू अभिमानानं म्हणाली.

"आणि हे डोळे?"

"आंधळा बघवत नव्हता."

"एक पन माशी नाय," भाभी आशेनं म्हणाल्या. "म्हंजे बाग चांगली ना?"

मॅडम विहिरीच्या कठड्यावर बसल्या. "भाभी, मे महिन्यात शून्य माश्या म्हणजे सापळा मेलाय. काय लिहू मी? नोंद नाही तर पेटी निघत नाही. आणि पुढच्या गुरुवारपर्यंत फळ झाडावर राहत नाही."

संध्याकाळी विहिरीपाशीच झोयाचा व्हिडिओ कॉल आला. "अम्मी, काप तरी. मी बघते."

तिच्यासाठी राखलेला आंबा भाभींनी कापला. वरून सोनं. बाठीजवळ एक पांढरी अळी, निवांत.

"वाफेनं मेली असती," सरू पुटपुटली.

"आनि नसती मेली तर?" झोया म्हणाली. "इथं शेजारच्या आजीचं पीचचं झाड हाय. तिचीच फळं खाऊन दिवस काढतेय मी."

भाभींनी सुरी खाली ठेवली. मग सरू म्हणाली, "म्हंजे मी धुतला ते बरंच केलं!"

"गप गो," भाभी म्हणाल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मलाही पुसायचे होते. पण रंग अजून कच्चा होता.

मित्रांनो, सापळा धुऊ नका. पोटातली घाण हीच आमची प्रामाणिक कमाई आहे. हंगाम संपेपर्यंत ती जपा.

प्रति, सर्व संबंधित देश. विषय: आंब्याच्या वासास परवानगी मिळणेबाबत. महोदय, फळ राहू द्या. विहिरीकडच्या कलमाचा नुसता वास, एक पेटी, झोयाच्या खिडकीपर्यंत जाऊ द्यावा, ही नम्र विनंती. वासात अळी नसते. माझा सगळा जन्म वासावर गेला आहे. पुरावा म्हणून एकोणीस माश्या सोबत जोडणार होतो, त्या धुतल्या गेल्या. क्षमस्व.