डाव्या बास्केटखालची ओल

मित्रांनो, हे जग दोन प्रकारच्या लोकांवर चालतं: सांडणारे आणि पुसणारे. इतिहासात नावं राहतात ती सांडणाऱ्यांची. पण इतिहासाला पाय ठेवायला कोरडी जागा मिळते ती पुसणाऱ्यांमुळे. हा विचार मी कित्येक वर्षं मनात घोळवत होतो. परवा धीर करून तो शेजारच्या बादलीला ऐकवला. ती म्हणाली, "आधी स्वतःला नीट पिळून घे. माझ्यावर गळतोयस."

तर, मी एक जुना पोछा आहे.

माझा जन्म एका सूतगिरणीच्या मागच्या अंगाला झाला. पुढच्या अंगाला चांगलं सूत निघे, त्याचे शर्ट होत, चादरी होत. मागे जे उरे, त्याचे आम्ही होत असू. दोनशे दोऱ्या एका लोखंडी चिमट्यात धरल्या, वर लाकडी दांडा बसवला आणि दांड्यावर एक चिठ्ठी चिकटवली: 'स्वतःच्या वजनाच्या सहापट पाणी शोषण्याची क्षमता.' आता लपवण्यात अर्थ नाही. ही क्षमता कुणीही, कधीही तपासलेली नाही. चिकटवणाऱ्या बाईंच्या हाताला त्या दिवशी तीच चिठ्ठी लागली, एवढंच. पण मी त्या चिठ्ठीच्या जोरावर बरीच वर्षं ताठ उभा राहिलो.

माझी नेमणूक झाली एका कॉलेजच्या क्रीडागृहात. लाकडी फळ्यांची जमीन, दोन टोकांना दोन बास्केट, भिंतीवर दहा मिनिटं पुढे धावणारं घड्याळ. बाजूला एक दार होतं, त्याला स्प्रिंग होती. ते उघडं राहायला तयार नसे. सोडलं की धाडकन बंद. मला सांभाळायच्या सफाईवाल्या मावशी. त्या बोलत कमी आणि पिळत जास्त.

मुलींच्या बास्केटबॉल संघाला शिकवणाऱ्या सरांचा एक नियम होता: जी बसेल, ती पुसेल. म्हणजे जी खेळत नाही तिने मला घेऊन कडेला उभं राहायचं, मैदानावर घामाची ओल पडली आणि कुणी "पोछा!" म्हणून हाक मारली की धावत जाऊन पुसायचं. नियम उत्तम होता. पण त्यामुळे झालं असं, की माझा दांडा हातात येणं हीच मुलींना शिक्षा वाटू लागली. "आज तिच्या हातात पोछा आला," असं एखादीबद्दल कुजबुजत, तेव्हा आवाज असा असे, जणू बिचारीला देवी आल्या.

शिडीच्या हातात मी दोन वर्षं कधीच आलो नाही.

शिडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण दारातून आत येताना जिला मान वाकवावी लागते, तिचं खरं नाव विचारतो कोण? ती पहिल्या वर्षापासून पहिल्या पाचात. दर स्नेहसंमेलनात प्राचार्य तिच्याकडे बोट दाखवून म्हणत, "हिच्यात प्रचंड क्षमता आहे." ऐकून माझ्या दोऱ्यांना गुदगुल्या होत. वाटायचं, चला, आपल्यासारखीच चिठ्ठी हिलाही लागली. मित्रांनो, जे काम अजून केलेलं नाही त्याबद्दल आधीच मिळणाऱ्या शाबासकीला क्षमता म्हणतात. ती अंगावर घेऊन फिरायला छान वाटतं, पण तिच्यावर पाय टेकवता येत नाही.

मग तो दिवस आला. उकाडा मरणाचा. सराव-सामना रंगलेला. दार सारखं धाडधाड करत होतं आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता. बसायला कुणी उरली नव्हती, म्हणून मी कोपऱ्यात होतो. तेव्हा कुणीतरी मला तिथून उचललं आणि माझा दांडा दारात अडकवला. दार उघडं राहिलं, झकास वारा आला, सगळ्या म्हणाल्या, "वा!" आयुष्यात पहिल्यांदाच माझं कौतुक झालं, तेही न पुसल्याबद्दल.

पाचच मिनिटांनी डाव्या बास्केटखाली बशीएवढी ओल पडली. संघातली सगळ्यांत बुटकी, जिला सगळे पिटुकली म्हणतात, ती ओरडली, "पोछा! अरे, पोछा कुठाय?" मी दारात होतो. शिडीने उडी मारून चेंडू धरला आणि खाली आली ती नेमकी त्या बशीत. डावा पाय घसरला, गुडघा आत वळला. ती नुसतं गुडघ्याला मिठी मारून बसली. चेंडू मात्र घरंगळत माझ्यापाशी आला आणि थांबला, जणू विचारायलाच, काय रे, काय करत होतास?

गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. तो दोरीसारखा असतो म्हणतात. माझ्या दोनशेपैकी दहा तुटल्या तरी कुणाला कळत नाही. माणसाला मात्र अशा दोऱ्या मोजूनमापून दिलेल्या. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, नऊ महिने खेळ बंद.

इकडे चौकशी समिती नेमली गेली. समिती तीन दिवसांनी ओल पाहायला आली. ओल वाट पाहून निघून गेली होती. तरी सदस्यांनी वाकून वाकून पाहिलं, एकाने तर जमिनीला हातही लावून पाहिला, आणि निष्कर्ष निघाला: 'पोछा जागेवर नव्हता. सफाईवाल्या बाईंनी खुलासा द्यावा.' मला दारात कुणी लावलं ते मला ठाऊक होतं. पण पोछ्याला साक्षीला बोलावतं कोण? मावशींनी एका ओळीत खुलासा दिला: 'यापुढे लक्ष ठेवीन.' कुणाचं नाव घेतलं नाही, की कपाळाला आठी घातली नाही. मला तेव्हा त्याचं फार नवल वाटलं.

पाचव्या महिन्यात शिडी पुन्हा क्रीडागृहात आली. कुबड्या सुटल्या होत्या, पण धावायचं नव्हतं. सर तिला म्हणाले, "बस इथे." मग जरा चाचरत म्हणाले, "आणि... नियम तर तुला माहीतच आहे."

तिने मला उचललं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मोडते दांडा. पण ती गेली आणि डाव्या बास्केटखालची कोरडी ठणठणीत जमीन पुसून आली. मग परत पुसली. मग पुन्हा.

पुढचे चार महिने आम्ही दोघांनी ते मैदान फळी न् फळी पुसलं. फिजिओ ताईंनी तिला बाजूला पावलं टाकायचा व्यायाम दिला होता. तो ती मला हातात धरूनच करी. गुडघे वाकवून, या रेषेपासून त्या रेषेपर्यंत. कोण कुठे वळते, कुणाचा घाम कुठे सांडतो, कुठली फळी किंचित उचललेली आहे, सगळं तिला पाठ झालं. पिटुकली चिडवायची, "शिडे, आता जमिनीला खड्डा पडेल! खाली लायब्ररी आहे."

नववा महिना भरला. डॉक्टर म्हणाले, "खेळ." फिजिओ ताई म्हणाल्या, "गुडघा आता दुसऱ्याइतकाच भक्कम आहे." शिडी खेळायला उतरली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की ती सगळीकडे पूर्वीसारखी खेळते, फक्त डाव्या बास्केटखाली जात नाही. चेंडू तिथे उडाला की ही आधी खाली बघायची. तेवढ्यात दुसरी कुणी तो घेऊन जायची.

सरांना स्पर्धेसाठी बारा नावं द्यायची होती. अकरा लिहून झाली होती. तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. यंदा नाव गेलं नाही तर पुढे जायचं ते कुठे? सर म्हणाले, "शुक्रवारी शेजारच्या कॉलेजशी सामना आहे. त्यात बघू. क्षमता आहेच गं तुझ्यात, पण..." आणि 'पण'च्या पुढे त्यांनी नुसती पेन्सिल हलवली.

गुरुवारी सराव संपल्यावर ती तिथेच राहिली. मावशी मला पिळत होत्या. शिडी बाकावर बसून बुटाच्या नाडीशी चाळा करत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आधी सांग. मग बघते."

"त्या दिवशी पोछा दारात मी लावला होता."

मावशींचे हात थांबले.

"गरम होत होतं म्हणून. आणि तुम्हाला खुलासा द्यावा लागला. मी दवाखान्यात होते, मग वाटलं घरी गेल्यावर सांगू, मग वाटलं इकडे आल्यावर सांगू. मग इतके दिवस झाले की सांगायचं कसं तेच कळेना. तिथे गेलं ना मावशी, की गुडघ्याचं नाही, तेच आठवतं. माझ्याच हाताने..."

मावशी मला बादलीत टाकून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "झालं तुझं? अगं वेडे, तू लावलास हे मला माहीत नाही होय? दारात उभं राहून तूच तर मला विचारलंस, 'मावशी, लावू का?' आणि मी काय म्हटलं?"

शिडीने नाडी हातातून सोडली. "काय म्हटलंत?"

"मी म्हटलं, 'लाव बाई, जीव जातोय उकाड्याने.'" मावशी पदराने कपाळ पुसत बाकावर बसल्या. "नऊ महिने झाले. तू आत आलीस की मी बाहेर जाते. म्हटलं, पोरीला आठवलं तर काय तोंड दाखवू? उगाच नाही खुलाशावर मुकाट्याने सही केली."

"मला नाही आठवत तुम्ही 'लाव' म्हटलेलं." दाराच्या धाडधाडीत मलाही ते ऐकू आलं नव्हतं.

"आणि मी इकडे नऊ महिने झुरतेय! आधी सांगायचंस ना, की तुला आठवत नाही म्हणून!"

दोघी एकमेकींकडे बघून अशा हसत सुटल्या, की दार धाडकन बंद झालं तरी कुणी दचकलं नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला प्रथमच कळलं, की सहापट शोषणारा पोछा मी नव्हेच. ह्या दोघी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त शोषून बसल्या होत्या, आणि पिळायला कुणी नव्हतं.

शुक्रवारी मावशी घरून विटेचा एक तुकडा घेऊन आल्या. दाराखाली सरकवला. दार जागच्या जागी थांबलं. इतकी वर्षं ही गोष्ट कुणालाच सुचली नव्हती, समितीलासुद्धा.

सामना सुरू झाला. तिसऱ्या डावात शिडी मैदानावर होती. नियमबाह्य धक्के मारून बाहेर बसलेली पिटुकली मला धरून उभी होती. डाव्या बास्केटखाली कुणीतरी पडली, उठली; मागे ओल राहिली. शिडीने पाहिलं. आणि जिने पहिल्या दोन वर्षांत कधी माझ्याकडे वळून बघितलं नव्हतं, तिने पंचांना हात दाखवून मैदानाच्या मध्यातून हाक मारली, "पोछा!"

आम्ही धावलो. "इथे," शिडी म्हणाली. "अजून थोडं. ती फळी उचललेली आहे, तिच्या खाचेत बघ."

"जमिनीचा आरसा करून हवाय का तुला?" पिटुकली पुसता पुसता म्हणाली. "वेणी घालायचीय?"

पुढच्याच मिनिटाला चेंडू बोर्डावर आपटून उडाला. शिडीने ह्या वेळी खाली बघितलं नाही. ती वर गेली. मावशींनी दारात डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत, कारण मला नाहीत. चेंडू तिच्या हातात आला, आणि ती खाली आली. कोरड्या लाकडावर दोन बूट एकदम टेकले. थप्प.

काही झालं नाही. मित्रांनो, काहीही झालं नाही! इतकं सुंदर काहीही-न-होणं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तिनेही नसावं. कारण चेंडू पोटाशी धरून ती आपल्या पायांकडेच बघत उभी राहिली. सर ओरडले, "अगं, पास दे! पास!" ही हसतेय. समोरची मुलगी हात पसरून ताटकळली. शेवटी पंचांनी शिट्टी फुंकली आणि चेंडू धरून ठेवल्याबद्दल तो दुसऱ्या संघाला दिला. त्या चुकीवर अख्ख्या क्रीडागृहात एकाच व्यक्तीने टाळ्या वाजवल्या. मावशींनी.

त्यानंतर डाव्या बास्केटखाली तिने आठ चेंडू धरले आणि आठही वेळेवर सोडले. सामना आम्ही चार गुणांनी हरलो, पण ते कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. सरांनी बारावं नाव लिहायला पेन्सिल काढली, परत खिशात ठेवली आणि पेन मागून घेतलं. प्राचार्य बक्षिसं द्यायला आले होते. ते सवयीने म्हणाले, "हिच्यात प्रचंड क्षमता..." सर म्हणाले, "क्षमता होती, साहेब. आता ती खेळते."

माझी चिठ्ठी तर केव्हाच पाण्याने गळून पडली. दोऱ्याही निम्म्या उरल्या. पण आता मुली मला हातात घेताना तोंड वाकडं करत नाहीत. शिडी खेळून बाहेर आली की आपणहून मला उचलते. म्हणून सांगतो, मित्रांनो, पडलेल्याला नुसतं उठवून भागत नाही. तो जिथे पडला ती जागाही पुसावी लागते, आणि ते काम एकट्याचं नसतं. वस्तूंना जपा, माणसांना जपा, आणि मनात साठलेलं वेळच्या वेळी पिळून टाका.

आणि जाता जाता एक बारीकशी विनंती. परवापासून दारापाशी तो विटेचा तुकडा दिसत नाही. ज्याने नेला असेल त्याने नाव सांगायची गरज नाही. समितीही नेमणार नाही. फक्त गुपचूप आणून ठेवावा. दुपारपासून उकाडा वाढलाय, आणि सगळ्या माझ्याकडेच बघताहेत.