डोंगरावरून पंचवीस मिनिटं

पायलटबाईंच्या डाव्या बाजूचे केस काकूंनी हनुवटीपर्यंत कापून आणले होते. उजव्या बाजूला कात्री लावणार, तोच सलूनमधला फोन वाजला. काकूंची लेक होती.

"आई, कळा सुरू झाल्यात. अजून पंधरा दिवस होते गं!"

काकू मटकन स्टुलावर बसल्या. लेकीचं सासर डोंगराच्या पलीकडे. घाटातून वळसे घेत जाणारी बस अख्खा दिवस खायची, आणि आजची तर केव्हाच सुटली होती.

"मी पोचेपर्यंत बाळ रांगायला लागेल हो!"

"काकू, इथल्या विमानतळापासून तिथला सरळ रेषेत नव्वद किलोमीटर," पायलटबाई आरशातूनच म्हणाल्या. "पंचवीस मिनिटं. आत्ताचं विमान मीच नेतेय, आणि निम्मं रिकामं आहे, तिकीट मिळेल. उठा!"

"अहो, पण तुमचं हे अर्धं डोकं?"

"वरून टोपी घालीन. विमान काय केसांनी उडवायचंय?"

काकूंनी कुलूप ठोकलं आणि पळत सुटल्या. एप्रन अंगावरच राहिला. विमानतळावरच्या तपासणीत त्याच्या खिशातून एक कात्री निघाली, मग दुसरी, मग वस्तरा.

"विमानात दुकान थाटताय का?" तपासणीवाल्या बाईंनी विचारलं.

"छे हो! आजी होतेय मी!"

ते ऐकून बाईंचा चेहरा खुलला. हत्यारं त्यांनी ठेवून घेतली, केसांचे चाप तेवढे परत दिले.

विमानात बसायची काकूंची ही पहिलीच वेळ. ते धावायला लागलं तसा त्यांनी शेजारच्या गृहस्थांचा हात गच्च धरला. मग खिडकीतून खाली पाहिलं. तो डोंगर! बसमध्ये जीव नकोसा करणारा तो दांडगा डोंगर खाली कुशीवर झोपलेल्या मांजरासारखा पडला होता.

"एवढासाच? अन् ह्याला घाबरून मी वर्षवर्ष लेकीकडे गेले नाही!"

त्यांना हसू फुटलं. आवरेचना. शेजारचे गृहस्थ आधी गंभीर होते, मग तेही खदखदायला लागले. हवाईसुंदरीनं आत कळवलं असावं, कारण एवढ्यात स्पीकरवरून पायलटबाईंचा आवाज आला, "आपण उतरतोय. होणाऱ्या आजींनी माझ्या प्रवाशाचा हात आता सोडावा."

"उतरतोय? अहो, मी अजून नीट बसलेसुद्धा नाही!"

खाली उतरल्यावर पायलटबाईंनी टोपी किंचित उचलून दाखवली. "उरलेलं दुसऱ्या कुणाकडून कापून घेईन. पळा!"

दवाखान्यात लेक शेजारणीला धरून येरझाऱ्या घालत होती. आईला दारात बघून तिनं डोळेच चोळले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जावयाचा होता.

"आईंना कळवू नकोस हं इतक्यात, बिचाऱ्या लांबून काय करणार?"

काकूंनी फोन हिसकावला. "जावईबापू, मी इथं पोचलेय. तुम्ही कुठवर आलात?"

पलीकडे नुसते हॉर्न वाजत होते. मग खोल गेलेला आवाज आला, "गावातल्याच पुलावर. गाड्या हलतच नाहीयेत."

लेक हसता हसता कळवळली आणि कळवळता कळवळता पुन्हा हसली. दुपार कलताना नात झाली, लालबुंद आणि भयंकर रागावलेली. तोवर जावईही घामाघूम होऊन पोचला होता. काकूंनी नातीला आधी त्याच्याच हातात दिलं.

"घ्या. आणि आता जरा बसा. फार लांबून आलात."